दहाव्या दिवसापासून पुढे

बेल्जियममधल्या गेल नावाच्या गावात एका कुटुंबाकडे एक गृहस्थ राहायचे. त्यांना शर्टाची बटणं पिळत बसायची सवय होती. संध्याकाळपर्यंत एकही बटण जागेवर राहायचं नाही. घरची बाई रोज सुई-दोरा घेऊन बसायची आणि सगळी बटणं पुन्हा लावायची. दुसऱ्या दिवशी तीच गत. कुणी तरी तिला सुचवलं, मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवा, म्हणजे तुटायची नाहीत. तिला ते मुळीच पटलं नाही. बटणं पिळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, मग ती पिळता येतील अशीच हवीत, असं तिचं म्हणणं.

त्याच गावात दुसऱ्या एका घरी राहणाऱ्या माणसाला भिंतींतून सिंह आत शिरताना दिसायचे. तो भेदरून जायचा. इथे सिंह कुठे आहेत, असा वाद घरची बाई घालत बसायची नाही. ती सिंहांना हुसकावून लावायची, आणि दर वेळी सिंह निघून जायचे.

हे दोघे त्या घरांच्या नात्यागोत्यातले नव्हते. मनाच्या आजाराने घेरलेली, कुठून कुठून आलेली परकी माणसं होती ती. १९३८ साली अशी ३,७३६ माणसं गेलच्या घराघरांत राहत होती, आणि गावाची स्वतःची वस्ती तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा हजारांची. म्हणजे दर चार-पाच गावकऱ्यांमागे एक. त्यांच्यासाठी गावाबाहेर उंच भिंतींची इमारत नव्हती. ती शेतात होती, स्वयंपाकघरात होती, बाजारात होती, मुलांना शाळेत सोडायला निघालेली होती. आणि हे सगळं १९३८च्या आधी किमान पाचशे वर्षं चालत आलेलं होतं.

इतकं जुनं आणि इतकं मोठं काम उभं कसं राहिलं, हे पाहायला लागलं की मुळाशी कुठला डॉक्टर सापडत नाही, राजाचं फर्मानही सापडत नाही. सापडते एक प्रार्थना. नऊ दिवसांची.

त्या प्रार्थनेमागची कथा भयंकर आहे. सातव्या शतकात आयर्लंडमध्ये म्हणे एक राजा होता. त्याची राणी वारली आणि दुःखाने त्याचं डोकं फिरलं. राणीसारखीच दिसणारी बायको हवी म्हणून तो अडून बसला, आणि तशी दिसणारी एकच होती, त्याची स्वतःची मुलगी डिम्फ्ना. पंधरा वर्षांची ती पोर आपल्या वृद्ध धर्मगुरूला, गेरेबेर्नुसला, बरोबर घेऊन समुद्रापार पळाली आणि गेलच्या माळरानात लपून राहिली. बापाने माग काढला. धर्मगुरूला त्याच्या माणसांनी मारलं, मुलीचं डोकं त्याने स्वतःच्या हाताने उडवलं. कँब्रेच्या एका धर्मगुरूने तेराव्या शतकात बिशपच्या सांगण्यावरून ही कथा लिहून काढली, तीही लोकांच्या तोंडून ऐकून. तिच्यात इतिहास किती हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही.

पण लोकांनी या कथेचं काय केलं ते पाहा. वेडाच्या भरात बापाने मारलेली मुलगी. तिच्या नावाने वेड्या माणसांना दूर ठेवायची प्रथा पडली असती तर कुणाला नवल वाटलं नसतं. झालं उलटं. ज्यांचं डोकं फिरलंय, त्यांची कड घेणारी संत म्हणून लोक डिम्फ्नाकडे पाहू लागले. ज्या आजाराने तिचा जीव घेतला, त्या आजाराच्या माणसांसाठी तीच देवाकडे शब्द टाकेल, असा भरवसा ठेवला. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. ती कुणा पंडिताने ठरवलेली नाही. साध्या, भोळ्या, बहुधा निरक्षर माणसांनी ती ठरवली.

तिच्या नावाचं मोठं दगडी चर्च १३४९पासून बांधायला घेतलं गेलं. लोक लांबलांबून आजारी माणसांना घेऊन येऊ लागले. नऊ दिवसांच्या या व्रताला नोव्हेना म्हणतात. आपल्याकडे माहीमच्या चर्चमध्ये बुधवारी लोटणाऱ्या गर्दीमुळे हा शब्द मुंबईकरांना नवा नाही. गेलमध्ये त्याची रीत अशी होती: आजाऱ्याने रोज चर्चला बाहेरून तीन आणि आतून तीन प्रदक्षिणा घालायच्या, आणि संतेचे अवशेष ठेवलेल्या पेटीखालून गुडघ्यांवर रांगत जायचं. असं नऊ दिवस. राहायची सोय म्हणून पंधराव्या शतकात चर्चच्या बुरुजाला लागूनच आजाऱ्यांची खोली बांधली. नऊ दिवस तिथे मुक्काम.

आपल्याला हे सगळं फारसं परकं वाटत नाही. प्रदक्षिणा, नवस, देवाच्या दारी मुक्काम, पेटीखालून किंवा पालखीखालून जाणं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. यात आजारी माणसाच्या वाट्याला नुसतं पडून राहणं येत नव्हतं. चालायचं त्याने, वाकायचं त्याने, रांगायचं त्याने. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी जी सूचना आहे तिचाही रोख असाच आहे: आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना बोलावून घ्यावं, त्यांनी तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी. म्हणजे बोलावणं आजाऱ्याचं. आधी त्याची इच्छा, मग मंडळींची प्रार्थना. हा क्रम पाळला गेला की प्रार्थना अंगावर येत नाही. वसईच्या गावांत आजारी माणसाच्या घरी शेजारी रोझरी म्हणायला जमतात, चर्चमध्ये येणं ज्याला झेपत नाही त्याला धर्मगुरू घरी येऊन कम्युनियन देतात, तेव्हा आजारी माणूस बिछान्यावर असला तरी मंडळीच्या बाहेर पडत नाही. आजार माणसाला एकटं पाडतो, आणि मनाचा आजार तर सगळ्यांत आधी माणसांपासूनच तोडतो. त्यामुळे चार माणसं ठरल्या वेळी येऊन शेजारी बसतात, ही गोष्ट लहान नाही.

आता दहाव्या दिवसाकडे येऊ.

नऊ दिवस संपले. काहींना बरं वाटलं, ती घरी गेली. पण मनाचे बरेच आजार असे नऊ दिवसांत हटणारे नसतात. उतार न पडलेल्या माणसाचं काय करायचं? नातेवाईक दमलेले, परतीची वाट लांब, घरी नेलं तर पुन्हा तेच हाल. शिवाय खोलीत जागा थोडी आणि येणारी माणसं जास्त. पाळी येईपर्यंत थांबणारेही होतेच. तेव्हा चर्चच्या धर्मगुरूंनी आजूबाजूच्या शेतकऱ्यांना सांगितलं, यांना तुमच्याकडे ठेवून घ्या. पुढच्या नोव्हेनापर्यंत म्हणून ठेवून घेतलेला माणूस मग सुगीपर्यंत राहिला, हिवाळा काढला, पुढचं वर्ष उजाडलं. एका घराने ठेवला म्हणून शेजारच्या घराने ठेवला. असं करत करत गावच्या गाव आजाऱ्यांचं घर झालं.

म्हणजे गेलची खरी कहाणी सुरू होते ती प्रार्थनेला हवं ते फळ आलं नाही तिथून. गावाने त्या माणसाला, तुझी श्रद्धा कमी पडली, असं म्हणून वाटेला लावलं नाही. पुन्हा प्रार्थना करू, तोवर जेवायला बस, असं म्हटलं. बरं होण्याची वाट पाहणं हेच एक राहणं झालं. ही वाट पाहणारी माणसं आणि त्यांच्याबरोबर थांबणारी माणसं यांच्यातून जे उभं राहिलं, त्याच्या तोडीचं काही मोठमोठ्या संस्थांना जमलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

यात पैसा नव्हता असं नाही. आजाऱ्याचे नातेवाईक किंवा त्याचं मूळ गाव त्याच्या खाण्यापिण्याचा खर्च द्यायचं. गेलची जमीन रेताड, शेती कष्टाची, दोन हात जास्त मिळाले तर शेतकऱ्याला हवेच होते. काही अभ्यासक एवढ्यावरच सगळं उलगडून दाखवतात: गरीब गाव, फुकटची मजुरी, वर चार पैसे. हे खरं आहे, पण अपुरं आहे. कारण गरीब, रेताड गावं युरोपात शेकड्यांनी होती आणि तिथेही वेडी माणसं होती. त्या गावांत त्यांना गोठ्यात बांधलं जात होतं. गेलमध्ये ती ताटावर बसली, कारण तिथे शेकडो वर्षं लोकांनी त्यांना चर्चभोवती प्रदक्षिणा घालताना पाहिलं होतं. ज्यांच्यासाठी संत उभी आहे ती माणसं, ही त्यांची ओळख आधी ठरली होती. पैसा आणि कामाचे हात त्यानंतरचे.

आणि या कामाच्या हातांकडे मी तरी थोडं वेगळ्या नजरेने पाहीन. आपल्याकडे स्वाभिमानी माणसाला सगळ्यांत जड काय जातं, तर कुणाचे उपकार घेणं. आजारी पडलं की ते घ्यावेच लागतात आणि दुखण्यापेक्षा तेच जास्त टोचतं. गेलमध्ये आलेल्या माणसाला बटाटे सोलायला मिळायचे, गाईंचं पाहायचं असायचं, घरातलं तान्हं मूल मांडीवर दिलं जायचं. ज्याला काहीच जमत नाही त्याच्यावर सक्ती नव्हती. पण ज्याला थोडंफार जमतं त्याला त्या घरात काही तरी करायचं असायचं. त्यामुळे मदत एकाच बाजूने वाहत राहिली नाही. घरातली मुलं मोठी झाली की म्हणायची, आम्हाला त्यांनीच अंगाखांद्यावर खेळवलं.

फ्रेंच राज्यक्रांतीची लाट या भागावर आली तेव्हा, अठराव्या शतकाच्या शेवटी, चर्च बंद पाडलं गेलं. नोव्हेना थांबला. इथेच सगळं संपायला हवं होतं, कारण ज्या कारणाने माणसं येत होती ते कारणच उरलं नाही. पण घराघरांत राहणारी माणसं तशीच राहिली. १८०३मध्ये ब्रसेल्सच्या भागाचा प्रशासक पाँतेकुलाँ याने शहरातल्या कोंडवाड्यासारख्या जागांत खितपत पडलेल्या मनोरुग्णांना बाहेर काढून सरळ गेलला पाठवलं. त्याला संतेशी देणंघेणं नव्हतं. त्याला दिसत होतं एवढंच, की त्या गावात ही माणसं माणसांसारखी राहतात. पुढे इतर शहरांनीही तेच केलं. प्रार्थना करून करून गावाच्या हाताला जे वळण लागलं होतं, ते प्रार्थना थांबल्यावरही सुटलं नाही.

मग डॉक्टर आले. फ्रान्सचे नावाजलेले मनोविकारतज्ज्ञ एस्कीरॉल १८२१मध्ये गेलला आले, तेव्हा तिथे अशी चारशेच्या आसपास माणसं होती. त्यांनी जे पाहिलं त्याने ते भारावले आणि अस्वस्थही झाले. मोकळ्या रस्त्यावर फिरणारी माणसं त्यांनी पाहिली. पळून जाईल या भीतीने काहींच्या पायांत घातलेल्या बेड्याही पाहिल्या. हे सांगायलाच हवं. गेल म्हणजे स्वर्ग नव्हता. काही घरं चांगली होती, काही नव्हती, आणि चांगल्या-वाईटावर नजर ठेवणारं कुणी नव्हतं. १८५०मध्ये बेल्जियमने मनोरुग्णांविषयी कायदा केला, गेलची व्यवस्था सरकारच्या देखरेखीखाली आली, गावाचे भाग पाडून डॉक्टर नेमले गेले. १८६२मध्ये छोटं रुग्णालय उभं राहिलं. नवा माणूस आधी तिथे यायचा, त्याचा स्वभाव, त्याचं दुखणं समजून घेतलं जायचं, आणि मग त्याच्याजोगं घर शोधलं जायचं. एका घरात एक, फार तर दोघे. साखळदंड हळूहळू गेले.

एकोणिसाव्या शतकात या गावावरून युरोपभर वाद रंगले. शहाण्या माणसांनी वेड्यांना घरात ठेवावं की भिंतींच्या आत, हा प्रश्न निघाला की गेलचं नाव यायचंच. कुणी म्हणे हीच खरी वाट, कुणी म्हणे अडाणी शेतकऱ्यांच्या हाती रुग्ण देणं हा गुन्हा आहे. १८८०मध्ये व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या वडिलांनी आपल्या या विचित्र मुलाला गेलला पाठवायचं मनात आणलं होतं. मुलाने ऐकलं नाही. १९०२मध्ये अँटवर्पला भरलेल्या मनोविकारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने गेलची पद्धत अनुकरणीय ठरवली. त्याआधीच बेल्जियममध्ये लिएर्नू आणि फ्रान्समध्ये द्यूं-सुर-ओरों इथे याच धर्तीवर वसाहती सुरू झाल्या होत्या.

एका घरात हे प्रत्यक्ष कसं चालतं? सगळ्यांत आधी लक्षात येतं ते हे, की घरच्यांना त्या माणसाच्या आजाराचं नाव सांगितलं जात नाही. स्किझोफ्रेनिया आहे की आणखी काही, हे डॉक्टर आणि परिचारिका पाहतात. औषधं त्यांच्याकडून येतात, बिनसलं तर रुग्णालयात दाखल करणं त्यांच्या हातात. घरच्यांना सांगितलं जातं ते रोजच्या जगण्यापुरतं: यांना रात्री झोप लागत नाही, यांना मोठा आवाज खपत नाही. घरचे त्यांना रुग्ण म्हणत नाहीत, बोर्डर म्हणतात. बेल्जियममधल्याच ल्यूव्हेन विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ यूजीन रूसेन्स यांनी १९६०च्या दशकापासून या घरांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांना जिव्हाळा दिसला, तशी मर्यादाही दिसली. बोर्डरला सांभाळून घेत, पण गावकऱ्याशी त्याची पूर्ण बरोबरी मानली जात नसे. बोर्डरशी सोयरीक ही गावाला न पटणारी गोष्ट होती. हे कळल्यावर माझा गेलविषयीचा आदर कमी झाला नाही. देवदूतांच्या गावाकडून शिकता येत नाही, माणसांच्या गावाकडून येतं.

एकाच घरात पन्नास पन्नास वर्षं राहिलेले बोर्डर आहेत. आधी सासू त्यांचं पाहायची, ती गेल्यावर सुनेने पाहिलं, पुढे नातवाच्या घरात त्यांची खोली झाली. वाटण्यांमध्ये शेत कुणाकडे, घर कुणाकडे, तसं हे माणूस कुणाकडे, हेही ठरायचं. आपल्याकडे एकत्र कुटुंबात एखादे अविवाहित काका आयुष्यभर असायचे, त्यांच्याविषयी कुणी चर्चा करत नसे. घर म्हटलं की ते आलेच. गेलमध्ये ही जागा रक्ताचं नातं नसलेल्या माणसाला मिळाली.

प्रार्थनेने रोग बरा होतो का, हा प्रश्न बाजूला ठेवून मला पुढे जायचं नाही, कारण शास्त्रज्ञांनी तो खरोखर तपासून पाहिला आहे. अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन यांच्या पुढाकाराने सहा रुग्णालयांत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणाऱ्या १,८०२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. निष्कर्ष २००६मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांचे तीन गट केले. पहिल्या दोन गटांतल्या रुग्णांना सांगितलं, तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही. त्यातल्या एका गटासाठी झाली, दुसऱ्यासाठी नाही. तिसऱ्या गटाला सांगितलं, तुमच्यासाठी नक्की होणार, आणि झाली. प्रार्थना करणारे होते ख्रिस्ती समूह, दूरवर बसलेले. त्यांच्याकडे रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर, एवढंच. पहिल्या दोन गटांत शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण प्रार्थना झालेल्यांमध्ये ५२ टक्के, न झालेल्यांमध्ये ५१. फरक नाही. आणि ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना चालली आहे हे पक्कं ठाऊक होतं त्यांच्यात ५९ टक्के.

हा आकडा पाहून श्रद्धावंत हिरमुसले. मला मात्र तो फार बोलका वाटतो. संशोधकांतल्या एकाने अंदाज बांधला, की रुग्णांच्या मनात धास्ती बसली असेल: माझं इतकं बिघडलंय का, की प्रार्थना करणाऱ्यांना बोलवावं लागलं? अंदाज बरोबर असेल नसेल, पण त्या रुग्णाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. कुणी तरी तुमचं अर्धं नाव घेऊन तुमच्यासाठी प्रार्थना करतंय. ते कोण, तुम्हाला ठाऊक नाही. ते येऊन शेजारी बसणार नाहीत, पेज आणून देणार नाहीत, तुमचं ऐकणार नाहीत. तुम्ही त्यांना बोलावलेलंही नाही. चाचणीसाठी असं करणं भागच होतं. औषध तपासायचं तर त्याला बाकी सगळ्यांपासून वेगळं काढावं लागतं. पण प्रार्थनेतून माणसं वेगळी काढल्यावर मागे फरक उरला नाही, हे त्या चाचणीने दाखवलं आहे असं मी समजते. गेलमध्ये ती कधी वेगळी काढलीच गेली नव्हती.

आणि हे केवळ ख्रिस्ती लोकांचं वैशिष्ट्य नाही, याचा पुरावा जपानमध्ये आहे. क्योटोच्या उत्तरेला इवाकुरा नावाचं गाव आहे. अकराव्या शतकात सम्राट गो-सान्जोच्या मुलीला वेडाचा त्रास झाला आणि तिथल्या विहिरीचं पाणी प्यायल्याने ती बरी झाली, अशी कथा. दाइउन-जी या बौद्ध मंदिरात मग तसलीच माणसं येऊ लागली. धबधब्याखाली उभी राहू लागली, जवळच्या शेतकऱ्यांकडे, चहाच्या घरांत मुक्काम करू लागली, आणि तिथेच राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातून आलेल्या पाहुण्यांनी त्या गावाला जपानचं गेल म्हटलं. एकमेकांचं नावही न ऐकलेल्या दोन गावांत, दोन धर्मांत, हेच घडलं: दैवी उपायाच्या आशेने आलेली माणसं, आणि त्यांना ठेवून घेणारं गाव.

आपल्याकडे मराठवाडा-विदर्भाच्या सीमेवर जाळीच्या देवाला आणि महानुभाव पंथाच्या इतर स्थानांवर मनाचा त्रास असलेली माणसं नातेवाइकांसह महिनोन्महिने येऊन राहतात. सुरुवात तिथेही तीच आहे. आणि तमिळनाडूतल्या एरवाडीतही तीच होती. तिथल्या दर्ग्यावर बरं होण्यासाठी आणलेली माणसं दर्ग्याभोवतीच्या खासगी निवाऱ्यांत ठेवली जात. ६ ऑगस्ट २००१च्या पहाटे त्यातल्या एका झापांच्या शेडला आग लागली आणि २८ माणसं जळून मेली. त्यांना साखळ्यांनी बांधलं होतं, पळता आलं नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आता साखळीने बांधायला मनाई केली आहे.

एरवाडी आणि गेल यांत फरक कशाने पडला, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. श्रद्धा दोन्हीकडे होती, पैसे दोन्हीकडे घेतले जात होते, बेड्या गेलनेही एके काळी वापरल्या. माझ्या मते फरक पडला तो खाटेच्या जागेने. एरवाडीत आजाऱ्यासाठी वेगळी शेड होती, ती चालवणाऱ्याच्या घरापासून निराळी, आणि नातेवाईक माणसाला सोडून निघून गेलेले. गेलमध्ये खाट घरात होती. शेजारणीला दिसत होतं, दूधवाल्याला दिसत होतं, रविवारी चर्चमध्ये सगळ्या गावाला दिसत होतं की या घरच्या बोर्डरची तब्येत कशी आहे. उपाशी ठेवणं, मारणं, बांधून ठेवणं लपून राहणं कठीण होतं.

वेल्लोरचं ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालय आपल्यातल्या पुष्कळांना ऐकून तरी माहीत असतं. तिथल्या मनोविकार केंद्रात १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून रुग्णाबरोबर घरच्या माणसाने राहायचं अशी पद्धत पडली. रुग्णाला दारात सोडून परत जायचं नाही. सोबत राहायचं, रांधायचं, आजार काय आहे ते शिकून घ्यायचं. गेलने परक्याच्या घरात रुग्णाला नेलं, वेल्लोरने घर रुग्णालयात आणलं. दोन्हीकडे खाटेशेजारी रोज तेच ओळखीचं माणूस राहिलं.

१९७०च्या दशकात एलन बॅक्स्टर ही अमेरिकन तरुणी शिष्यवृत्ती घेऊन गेलमध्ये राहिली. परत गेल्यावर न्यूयॉर्क शहराच्या उत्तर भागात तिने १९८३मध्ये एक संस्था काढली. बेघर झालेली, मनाच्या आजाराशी झगडणारी माणसं आणि तुटपुंज्या कमाईची साधी कुटुंबं यांना त्या संस्थेच्या इमारतींत शेजारी शेजारी घरं दिली जातात. तिच्या हार्लेममधल्या इमारतीत तर बालवाडी आणि मुलांसाठी कलासंग्रहालयही आहे.

गेलमध्ये मात्र बोर्डरांची संख्या उतरत गेली आहे. या शतकाच्या सुरुवातीला ती पाचशेच्या आसपास होती, आता त्याहून पुष्कळ कमी आहे. कारणं आपल्याही ओळखीची: शेती गेली, नवरा-बायको दोघं नोकरीला, घरं लहान, दिवसभर घरी कुणी नसतं. नव्या औषधांमुळे पुष्कळांना स्वतंत्र राहता येतं, ही त्यातली चांगली बाजू. गेलचं रुग्णालय आता दिवसापुरती किंवा थोड्या मुदतीची सोयही करतं, आणि बोर्डर ठेवणाऱ्या घरांना दररोजच्या खर्चापोटी माफक रक्कम देतं. २०२३मध्ये युनेस्कोने गेलची ही परंपरा जपणुकीचा आदर्श म्हणून आपल्या नोंदवहीत घेतली. नवी कुटुंबं थोडी का होईना, पुढे येत राहतात. त्यातली पुष्कळ अशी, जिथल्या आई-वडिलांनी लहानपणी आपल्या किंवा आजी-आजोबांच्या घरात बोर्डर पाहिलेले असतात. त्यांची माहिती रुग्णालय घेतं, घर पाहतं, आणि कुणाला कुठे पाठवायचं ते ठरवतं. डिम्फ्नाच्या चर्चला लागून असलेली आजाऱ्यांची ती जुनी खोलीही गावाने टिकवून ठेवली आहे. नोव्हेनासाठी आता तिथे कुणी मुक्कामाला येत नाही.